तीन ओरखड्यांचा ठोकळा

पोर्टकेर्न,
१९ मे १९४७

प्रिय डॉड,

तुझं कॅनडाहून धाडलेलं नाताळचं कार्ड फेब्रुवारीत मिळालं. बर्फातली घसरगाडी, घोड्याच्या गळ्यात घंटा, आणि खाली तुझ्या हातच्या दोन ओळी, 'इकडे सर्व ठीक. तुम्ही दोघं मजेत असाल.' मजेत! कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं, शेगडीवरच्या फळीवर ठेवलं, आणि तेव्हापासून येता-जाता त्या घोड्याकडे बघून माझं डोकं फिरतं. चार वेळा तुला पत्र लिहायला बसले आणि चारही वेळा फाडून विस्तवात टाकलं, कारण शिव्यांखेरीज त्यात काही उतरतच नव्हतं. आज पाचव्यांदा बसलेय. शिव्या याही पत्रात असतील. पण हे फाडणार नाही, तेवढा वेळ आता उरलेला नाही.

आधी बातमी. मार्चच्या सहा तारखेला आपल्या बाबांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा गेली. वाळूकडे उतरणाऱ्या वाटेवर, काँक्रीटच्या पहिल्या ठोकळ्याला पाठ लावून बसलेले सापडले, मांडीवर काठी आणि टोपीवर बोटभर बर्फ. तुला तार केली नाही, आणि विसरले म्हणून नाही, मुद्दाम केली नाही. तू काय केलं असतंस? आणखी एक कार्ड पाठवलं असतंस. आता त्यांना घास मी भरवते. हेरिंगचे काटे काढून, ओटच्या पेजेत कुस्करून. ज्या माणसाने चाळीस वर्षं होडी हाकली, त्याच्या हनुवटीवरून पेज ओघळते आणि ती मी पुसते, तेव्हा त्यांचे डोळे माझ्यावर नसतात. खिडकीतून खाली, ठोकळ्यांच्या रांगेवर असतात.

ठोकळे अजून तसेच आहेत. पुरुषभर उंच, एकाशेजारी एक, खाडीच्या या टोकापासून ओढ्याच्या मुखापर्यंत. डोसी कोळ्यांच्या बायका त्यांच्यावर चादरी वाळत घालतात. फ्रान्स पडल्यावर त्या उन्हाळ्यात सगळा गाव कसा खपत होता, आठवतं? तुला आठवतं की नाही हे मी विचारूच नये म्हणा, तुझ्या आठवणीची गोष्ट पुढे येणारच आहे. पण मला आठवतं. जर्मन रणगाडे आपल्याच वाळूवर उतरणार म्हणून लष्कराची माणसं आली. आपली होडी 'पेशन्स' आरमाराने नेलेली, समुद्र बंद, म्हणून गावातले सगळे म्हातारे कोळी रातोरात गवंडी झाले. बाबा आणि तू फळ्यांचे साचे ठोकत होता. आम्ही बायका हेरिंगच्या टोपल्यांतून गोटे वाहत होतो, मासे कापताना बांधतो तशा बोटांना चिंध्या बांधून. सिमेंटने त्या चिंध्या अशा कडक व्हायच्या, की संध्याकाळी कात्रीने कापून काढाव्या लागत. बाबा म्हणायचे, "बांधा, पोरींनो, बांधा. हिटलरला सांगू, बायकांनी मासे खारवायच्या टोपल्यांनी तुला अडवलं." आणि सगळ्या खिदळायच्या. खरं सांगते, घाबरलेले होतो तरी तो उन्हाळा चांगला होता.

ओढ्याच्या मुखात ठोकळे टिकेनात, पाणी खालून वाळू उकरायचं. म्हणून तिथे खांब रोवून काटेरी तारा ओढल्या आणि आत सुरुंग पेरले. तेव्हाच बाबांनी कॅप्टनला सांगितलं होतं, की साहेब, ही वाळू जागा सोडून चालते, खांबापासून पावलं मोजून नकाशा काढाल तर दोन हिवाळ्यांत खांबही नसेल आणि पावलंही नसतील. समुद्रावर आम्ही जागा लक्षात ठेवतो तशी ठेवा, काठावरच्या दोन खुणा एकावर एक आणा, दुसऱ्या बाजूने आणखी दोन आणा, त्या ओळी जिथे कापतील ती तुमची जागा, ती शंभर वर्षं हलत नाही. कॅप्टन हसला. म्हणाला, "आजोबा, तुमची मासळी तुमच्यापाशी ठेवा." आणि लिहून घेतलं, पूर्वेच्या खांबापासून इतकी पावलं, नऊ सुरुंग.

शेवटच्या दिवशी तिन्हीसांजेला कॅप्टन निघून गेलेला होता. तू, बाबा आणि मी ओढ्याजवळचा शेवटचा ठोकळा थापत होतो. सैनिकांच्या गाडीवर दोन सुरुंग उरले होते. तो लाल मिशांचा सार्जंट म्हणाला, "आता स्टेशनपर्यंत कोण ओढत नेणार यांना? पुरा इथंच." आणि खांबांच्या बाहेर, ओढ्याच्या पश्चिमेला पुरले. ना नकाशात, ना कागदावर. बाबा थापी खाली ठेवून गेले, ती माणसं निघाल्यावर नेमके त्या जागी उभे राहिले, आधी वर चर्चकडे पाहिलं, मग आपल्या ठोकळ्याकडे. परत आले ते एकदम खुशीत. ओल्या काँक्रीटवर थापीच्या टोकाने तीन ओरखडे ओढले आणि तुला म्हणाले, "बघ रे डॉड, देवाची करणी. आपलीच खूण बरोबर याच्या डोक्यावर येते." मी विचारलं, कुठली खूण? त्यांनी तुला दंडाला धरून बाजूला नेलं आणि कानात सांगितलं. माझ्या हातात गोट्यांची टोपली होती. मी ती रिकामी केली आणि घरी गेले.

एकही रणगाडा आला नाही, हे तर जगाला ठाऊक आहे. लढाई संपली, लष्कराची दुसरी माणसं आली, नऊ सुरुंग शोधून काढले, काटेरी तारा गुंडाळल्या आणि कागदावर सही ठोकली. बाबा म्हणाले अकरा. लष्करवाले म्हणाले नऊ पेरले, नऊ काढले. आणि दोन राहिले असतील असं घटकाभर धरलं, तरी हे सुरुंग रणगाड्यांसाठी बनवलेले आहेत, माणसाच्या पायाने ते फुटत नाहीत म्हणे. सात वर्षं खाऱ्या पाण्यात गंजलेल्या लोखंडाला हे कोणी समजावलं? पलीकडच्या खाडीत गेल्या वर्षी मेंढी उडाली, ती काय रणगाडा होती? हा प्रश्न मी पत्राने विचारला. उत्तर आलं छापील, खाली रबरी शिक्का, की आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

आता सभागृहातल्या त्या दिवसाचं. टाळून चालणार नाही, डॉड. गेल्या सप्टेंबरची अकरा तारीख. टेबलावर नकाशा, मागे गावच्या कौन्सिलचे क्रुकशँक, समोर सगळा गाव. या वेळच्या नव्या कॅप्टनने विचारलं, "अकरा कशावरून?" बाबा म्हणाले, "मी बघितलंय. माझ्या मुलाने बघितलंय." "जागा कुठली?" "खुणा धरल्यात." "मग सांगा ना खुणा." बाबांनी मान वळवून मागे पाहिलं. पहिल्या बाकावर तिघे डोसी भाऊ, टोप्या मांडीवर, कान टवकारलेले. बाबा म्हणाले, "इथं नाही सांगणार. ओहोटीला चला माझ्याबरोबर, जागेवर पाय ठेवून दाखवतो." कॅप्टनने घड्याळ काढलं, दोनची गाडी होती त्याची. थोरला डोसी मोठ्याने म्हणाला, "विलीकाकांचे सुरुंगसुद्धा हॅडक माशांसारखे आहेत बरं का, फक्त त्यांनाच सापडतात!" आणि हशा पिकला. मग कॅप्टन तुझ्याकडे वळला. तू उभा राहिलास, नवा कोट, हातात हॅट, आणि म्हणालास, "मला काही आठवत नाही, सर." वीस वर्षांचा होतास तू त्या संध्याकाळी. वीस! पाळण्यात नव्हतास.

मला वाटलं, तुला बाबांची लाज वाटली. लोक हसत होते, तू कॅनडाचं तिकीट काढलेलं, असल्या हट्टी म्हाताऱ्याचा मुलगा म्हणून कशाला उभं राहायचं. इतके महिने मी तुला भित्रा म्हणत होते, मनात आणि मोठ्यानेही. पण त्या दिवशी जेवताना बाबा तुझ्याशी काय बोलले ते मला राहून राहून आठवायचं आणि अर्थ लागायचा नाही. मला वाटलं होतं ते तुला ताटावरून उठवतील. त्यांनी बटाट्यांचं भांडं तुझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "सांभाळलीस." एवढंच. तू मान खाली घालून खाल्लंस. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तू बोटीवर चढलास आणि मी हेरिंग कापायला पोरींबरोबर यार्मथला गेले.

मी यार्मथला असताना बाबांनी त्या जागी दोन बांबू रोवले, वर लाल चिंध्या. क्रुकशँकने ते तिसऱ्याच दिवशी उपटून टाकले, आणि तेही एका माणसाला बोटीने पाठवून, पाण्याच्या बाजूने, म्हणजे भीती त्यालाही होती! वर म्हणतो, उन्हाळ्यात पाहुणे यायचे, आणि तुम्ही वाळूवर फडकी काय लावता. मी नोव्हेंबरअखेर परत आले तेव्हा बांबू नव्हते आणि दोन वादळांनी ओढ्याचं मुख चाळीस पावलं सरकलं होतं. मग बाबा स्वतःच उभे राहू लागले. रोज उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, वाटेच्या तोंडाशी, काठी आडवी धरून. असा हिवाळा माझ्या जन्मात पाहिला नाही, आठवडाभर दार उघडता येत नव्हतं, तरी हे खिडकीतून उतरून जायचे. पोलीस दोनदा घरी येऊन गेला. बिचारा ओशाळून म्हणाला, "विलीकाका, रस्ता सार्वजनिक आहे हो." बाबा म्हणाले, "मग मीपण सार्वजनिकच आहे." मी ओरडले, रडले, काठी लपवली. शेवटी सहा मार्च उजाडला.

एप्रिलपासून मी उभी राहते, सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी. मधल्या वेळात वाटेवर लुद्विकची बायको नजर ठेवते. लुद्विक तुला ठाऊक आहे, पोलिश फौजेतला, चाळीसच्या हिवाळ्यात पलीकडच्या खाडीतले ठोकळे ज्यांनी बांधले त्यांतला. आता आपल्या बेकरीत पाव भाजतो, घरी तीन महिन्यांची मुलगी आहे. क्रुकशँक मला म्हणाला, "एल्स्पेट, अगं शहाणी ना तू? बापाचं खूळ घेऊन बसतेस?" आणि वाटेवर त्याने पाटी ठोकली आहे, पांढऱ्यावर निळी, 'वाळू सर्वांसाठी खुली'. मुहूर्तही धरलाय. एकवीस जूनला रविवारच्या शाळेची सहल, एकोणचाळीसनंतरची पहिली. त्रेचाळीस मुलं. यातल्या निम्म्यांचा जन्म लढाईतला, त्यांच्या पायाला आपल्या गावची वाळू अजून लागलेली नाही. घरातून रोज दिसते, आणि लागलेली नाही. ती वाटेच्या तोंडाशी माझ्याभोवती जमतात आणि विचारतात, "एल्स्पेटमावशी, आज तरी?" मी नाही म्हणते. सहलीच्या दिवशी त्यांच्यापुढे पाद्री असेल, क्रुकशँक असेल, बाजाची पेटी असेल. मी एकटी बाई त्यांना कितीशी अडवणार? ओढ्याचं पाणी उथळ आणि कोमट, मुलं धावतील ती थेट तिकडेच धावतील.

बाबांना हे सगळं कळतं. पडल्यापासून ते डाव्या हाताची दोन बोटं वर करत असत. मला वाटलं पाईप हवा. पाईप दिला, तो त्यांनी ढकलला. चहात दोन चमचे साखर हवी असेल म्हणून रेशनची साखर उधळली, तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, असा निरर्थक चाळा राहतो कधीकधी. पंधरा दिवसांपूर्वी मी सहलीची बातमी सांगितली आणि ती बोटं पुन्हा वर आली. मी म्हटलं, "दोन सुरुंग?" बाबा रडले. हुंदके देऊन रडले, डॉड. आपली आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

मग मी लुद्विककडे गेले. तो म्हणाला, "ताई, मी काढतो. असले पुष्कळ काढलेत. पण मला नेमकी जागा दे. सबंध वाळू काठीने टोचत फिरायला सांगू नकोस, माझी पोर लहान आहे." पहिली ओळ मला ठाऊक आहे, साऱ्या गावाला ठाऊक आहे, बर्फघराच्या धुराड्यावर चर्चची घंटा आणायची. बंदरात शिरताना सगळे तीच धरतात, बाबांनी सभागृहात तिचा तरी उच्चार करायला काय हरकत होती! दुसऱ्या ओळीची पुढची खूण म्हणजे तो तीन ओरखड्यांचा ठोकळा. पण त्या ठोकळ्याच्या डोक्यावर काय आणायचं? मी पाटीपासून वाटेवर मागेपुढे सरकत बघते. एका ठिकाणाहून त्याच्यावर खाणीचा कडा दिसतो, थोडं सरकलं की शेतघराची चिमणी, आणखी सरकलं की देवदारांची रांग, मग डोंगरावरची दगडांची रास. प्रत्येक खुणेची जागा वेगळी, आणि लुद्विकचं आयुष्य त्यातल्या एकीवर. म्हणून मी बाबांच्या उशाशी बसले आणि एकेक नाव घेतलं. कडा? चिमणी? देवदार? रास? बरोबर असेल तर नुसते डोळे मिटा म्हटलं. त्यांनी प्रत्येक नावाला तोंड भिंतीकडे फिरवलं. माझं नाव चुकत होतं म्हणून, की खूण बाईच्या कानी जाऊ नये म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. त्या रात्रीपासून त्यांना पेज भरवताना मी चमचा रागाने भांड्यात आपटते, आणि मग मला माझीच लाज वाटते.

तेव्हा कुठे मला त्या 'सांभाळलीस'चा अर्थ लागला. 'आपलीच खूण' म्हणाले होते ना ते? ती आपल्या हॅडकच्या जागेची खूण आहे, आजोबांपासूनची, जिच्यासाठी डोसी तीन पिढ्या आपल्या मागे होड्या लावत आले. तुला सगळं आठवत होतं. तू भ्याला नाहीस आणि तुला लाजही वाटली नाही, तू हॅडक सांभाळलेस! आणि त्यांनी तुला शाबासकी दिली! खूणही फुटू द्यायची नाही आणि मुलंही मरू द्यायची नाहीत, म्हणून तो माणूस सबंध हिवाळा स्वतःच खांब होऊन उभा राहिला, आणि तू कॅनडात घोड्यांची कार्डं विकत घेतलीस. अरे, कुठली जागा आणि कोणासाठी सांभाळताय तुम्ही दोघं? 'पेशन्स' बेचाळीसपासून समुद्राच्या तळाशी आहे. तू नोव्हा स्कोशियात दुसऱ्याच्या बोटीवर आहेस. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, खुणा मला का नाही सांगत. ते म्हणाले होते, "पोरीला सांगितली की खूण लग्न करून दुसऱ्याच्या होडीत जाते." मी चौतीस वर्षांची आहे, डॉड. मी कुठल्याच होडीत गेले नाही.

म्हणून हे पत्र. मला तुझी माफी नको, मदत नको, कार्ड तर मुळीच नको. ठोकळ्यावर काय आणायचं, तेवढे दोन शब्द हवेत. पत्र पोचलं त्याच दिवशी तार कर. लुद्विकला ओहोटी चौदा जूनच्या आसपास सोयीची आहे. तुझी तार आली, तर एकवीसला मी त्या मुलांच्या पुढे चालेन, आणि नाही आली तर ठोकळ्यांमधल्या वाटेवर आडवी पडेन, क्रुकशँकने मला ओलांडून न्यावं त्यांना. तार पोस्टातल्या मेगच्या हातात पडेल हे मला माहीत आहे. ती डोसींची सून, दुपारच्या आत तिच्या घरी पोचेल. पोचू दे. डोसी दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या जागेवर दोऱ्या टाकतील आणि होडी बुडेपर्यंत हॅडक भरून आणतील. आणू देत. ते मी स्वतः धक्क्यावर बसून कापून देईन.

तुझीच, अजून तरी तुझीच,
एल्स्पेट